पुणे डिव्हिजन कूतला का हरली? रसदीच्या माणसाचं उत्तर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. तुमचे साताऱ्याकडचे पणजोबा 'बसऱ्याच्या लढाईत' होते असं घरात सांगतात. तर ती पुणे डिव्हिजन पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, आजच्या इराकमधल्या कूत गावी तुर्कांना शरण का गेली, सेनापती टाउनशेंड नालायक होता म्हणून का, आणि त्या पराभवामुळे आपल्याकडचं राजकारण बदललं म्हणतात त्यात तथ्य किती.

माझी सगळी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये झाली. राशन, पेट्रोल, गाड्या, खेचरं हेच माझं काम. निवृत्तीनंतर पुण्यातच राहिलो आणि गेली कित्येक वर्षं तरुण अधिकाऱ्यांना आणि कॉलेजच्या मुलांना ही मोहीम शिकवतो आहे. त्यामुळे माझं उत्तर नकाशावरच्या बाणांपासून सुरू होत नाही, पोत्यांपासून होतं. आणि ते असं आहे की कूत खंदकात हरलं नाही. ते आधी नदीवर हरलं, आणि नदीवर हरलं कारण सिमल्यात बसलेल्या सरकारला जाब विचारणारं कुणी नव्हतं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे.

आधी ही डिव्हिजन नीट ओळखून घ्या. कागदावर ती सहावी (पुणे) डिव्हिजन. तिच्या तीन ब्रिगेड म्हणजे पुणे ब्रिगेड, अहमदनगर ब्रिगेड आणि बेळगाव ब्रिगेड. प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक गोरी पलटण आणि तीन हिंदी. मराठा पलटणी तीन होत्या: पुणे ब्रिगेडमध्ये ११७, नगर ब्रिगेडमध्ये १०३, बेळगाव ब्रिगेडमध्ये ११०. सोबत खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनियरांच्या, कंपन्या. राजपूत होते, पंजाबी होते, डॉरसेट आणि नॉरफोकचे गोरेही होते. पण सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरच्या घरांतून गेलेली पोरं इतक्या मोठ्या संख्येने एकाच मोहिमेत क्वचितच एकत्र आली असतील.

६ नोव्हेंबर १९१४ ला पुणे ब्रिगेड इराणच्या आखाताच्या टोकाला, फाओला उतरली. काम मर्यादित होतं. अबादानची तेल कंपनी, तिची नळवाहिनी आणि बसरा बंदर सांभाळायचं. ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी त्या कंपनीतला मोठा वाटा विकत घेतला होता. नोव्हेंबर संपायच्या आत बसरा हातात आलं, डिसेंबरमध्ये कुर्ना. इथे थांबले असते तर आज कूतचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

पण लढाया सोप्या जात होत्या. एप्रिल १९१५ मध्ये जनरल निक्सन संपूर्ण फौजेचा प्रमुख झाला आणि टाउनशेंड पुणे डिव्हिजनचा. ३१ मे ला टाउनशेंडने कुर्नाच्या पुढच्या पुराच्या पाण्यातून शेकडो लहान होड्यांत जवान बसवून हल्ला केला आणि तुर्क पळाले. ३ जूनला त्याने अमारा शहर घेतलं, तेही मूठभर माणसांनिशी. सप्टेंबरच्या २८ तारखेला कूत घेतलं. प्रत्येक विजयानंतर पुढचं शहर जवळ वाटायचं, आणि मागचं बंदर दर वेळी आणखी लांब जायचं. पहिली गोष्ट सगळ्यांना दिसत होती, दुसरीकडे बघायला कुणी तयार नव्हतं.

नदीबद्दल सविस्तर सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. बसऱ्यापासून वर जायला ना रेल्वे होती ना बारमाही रस्ता. एकच वाट, टायग्रिस नदी. बसऱ्याला समुद्री जहाज लागेल असा धक्काच नव्हता. माल नदीच्या मध्यावर होड्यांत उतरवायचा, काठावर चिखलात टाकायचा, तिथून पुन्हा नदीच्या बोटीत भरायचा. एकाच पोत्याला तीन वेळा हात लागला की किती वेळ जातो आणि किती धान्य सांडतं, हे ज्याने गोदामात काम केलंय त्यालाच कळेल. नदी उथळ आणि वळणावळणांची. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरलं की बोटी वाळूत रुतायच्या आणि पुढच्या-मागच्या सगळ्या थांबायच्या.

आमच्याकडे दोन शब्द सारखे वापरले जातात: 'लिफ्ट' आणि 'टर्न-अराउंड'. लिफ्ट म्हणजे एका खेपेत तुम्ही किती वजन उचलू शकता. टर्न-अराउंड म्हणजे माल टाकून रिकामी गाडी पुन्हा भरायला यायला किती दिवस लागतात. आता ढोबळ हिशेब करा. दहा हजार माणसं धरली आणि माणशी किलोभर शिधा धरला तरी रोजचे दहा टन. घोडा किंवा खेचर माणसाच्या कितीतरी पट खातं, दाणा वेगळा आणि चारा वेगळा. दारूगोळा अजून यात धरलेलाच नाही. अंतर दुप्पट झालं तर तेवढाच माल पोचवायला बोटी दुप्पट लागतात, कारण टर्न-अराउंड दुप्पट होतो. पुणे डिव्हिजन बसऱ्यापासून कूतपर्यंत गेली, पण बोटी त्या प्रमाणात वाढल्याच नाहीत. निक्सनने १९१५ च्या उन्हाळ्यातच जास्त बोटी मागितल्या होत्या. भारत सरकारच्या अर्थखात्याने हात आखडता घेतला, मागणी इकडून तिकडे फिरली, आणि ज्या बोटी शेवटी आल्या त्या फार उशिरा आल्या.

म्हणून कूत घेतल्यावर डिव्हिजन नदीने वर अझिझियापर्यंत गेली आणि तिथे जवळपास सहा आठवडे अडकून पडली. त्या सहा आठवड्यांत बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला नुरेद्दीन बे या तुर्की सेनापतीने खंदक खणले आणि कुमक मिळवली.

बगदादवर जायचा हुकूम ऑक्टोबरच्या अखेरीस आला. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेत हात पोळले होते, लंडनला कुठेतरी एक झळाळता विजय हवा होता. व्हाइसरॉय हार्डिंजना तो हवा होता, निक्सनला तर हवाच होता. टाउनशेंडने आधीच बजावलं होतं की या कामाला एक नाही, दोन डिव्हिजन लागतील. निक्सनने ते मनावर घेतलं नाही. इथे टाउनशेंडबद्दलचं माझं मत सांगतो. त्याला धोका दिसला होता आणि त्याने तो सांगितलाही, पण एकदा सांगून तो गप्प बसला. बगदाद जिंकणारा सेनापती म्हणून आपलं नाव होईल, हा मोह त्यालाही होता. वरिष्ठाला नकार द्यायचा तर आकड्यांनिशी द्यावा लागतो: माझ्याकडे इतके टन आहेत, रोज इतके लागतात, अमुक तारखेला माझे जवान उपाशी राहतील. मी असे नकार दिले आहेत. त्यावर ओरडा बसतो, पण माणसं वाचतात.

२२ नोव्हेंबरला टेसिफॉनच्या त्या प्राचीन कमानीच्या छायेत लढाई झाली. डिव्हिजनने पहिली खंदकरेषा घेतली. पण तिचे साडेचार हजारांच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले, म्हणजे लढणाऱ्यांतला जवळजवळ तिसरा हिस्सा. आणि मग जे घडलं ते मी वर्गात सांगताना दर वेळी थांबतो. जखमींना नदीपर्यंत न्यायला रुग्णवाहिका नव्हत्या. होत्या त्या खेचरांच्या मालगाड्या, आम्ही ज्यांना एटी कार्ट म्हणतो. दोन चाकं, खाली स्प्रिंग नाही, तळाला लोखंडी पट्ट्या. मांडीचं हाड मोडलेला माणूस त्यात टाकून खडबडीत जमिनीवरून कित्येक किलोमीटर न्यायचा. काही जखमींनी म्हणे स्वतःहून उतरून रांगत जाणं पत्करलं.

नदीवर त्यांना बोटींच्या डेकवर दाटीवाटीने झोपवलं. मेजिदिए नावाची बोट सुमारे सहाशे जखमी घेऊन बसऱ्याला आली तेव्हा मेजर कार्टर नावाचा डॉक्टर ती पाहायला उभा होता. लांबून त्याला वाटलं, बोटीच्या कडेवरून दोरखंड लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं, ती माणसांची वाळलेली विष्ठा होती. हलता न येणारी माणसं जिथे पडली होती तिथेच कित्येक दिवस पडून होती. ड्रेसिंग बदललेलं नव्हतं, जखमांत किडे होते. कार्टरने हे लिहून कळवलं तेव्हा वरिष्ठांनी त्यालाच दम भरला. वर मात्र तार गेली ती जखमींची व्यवस्था समाधानकारक असल्याची.

उरलेली डिव्हिजन ३ डिसेंबरला कूतला परतली आणि ७ ला वेढा पडला. तो जवळपास पाच महिने चालला.

टाउनशेंडची मोठी चूक मी या वेढ्यात धरतो. वेढ्यातल्या सेनापतीने पहिल्याच दिवशी गावातला दाणा न् दाणा मोजायचा असतो. त्याने कळवलं की गोऱ्या सैनिकांना महिनाभर आणि हिंदी सैनिकांना दोन महिने पुरेल इतका शिधा आहे. तो आकडा ऐकून सुटकेसाठी येणारी फौज धावत सुटली. फ्रान्सहून येणाऱ्या पलटणी जशा बसऱ्याला उतरतील तशा, तोफा मागे, दवाखाने मागे, वर पाठवल्या गेल्या. शेख साद, वादी, हन्ना, सगळ्या लढाया जानेवारीच्या पावसात आणि गुडघाभर चिखलात, अपुऱ्या तयारीने. आणि जानेवारीच्या अखेरीस टाउनशेंडने गावातल्या घरांची झडती घेतली तेव्हा इतकं धान्य निघालं की तो एप्रिलपर्यंत टिकू शकत होता. हा आकडा डिसेंबरमध्ये कळला असता तर ती घाई लागली नसती. कूतच्या तेरा हजारांना सोडवायला गेलेल्या फौजेचे तेवीस हजारांच्या आसपास लोक कामी आले किंवा जखमी झाले.

ही चूक किती सहज होते ते मला ठाऊक आहे. कॅप्टन असताना मी लडाखमधल्या एका डेपोवर होतो. झोजिला बंद व्हायच्या आत हिवाळ्याचा सगळा साठा वर पोचवायचा असतो, त्याला विंटर स्टॉकिंग म्हणतात. वरून रॉकेलचा आकडा मागितला. मी लेजर उघडलं आणि कळवून टाकला. आठवड्याने प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा थप्पीच्या आतल्या रांगांतले जेरीकॅन गळून अर्धे झालेले निघाले. वर चौकीतली माणसं माझ्या आकड्यावर हिवाळा काढणार होती. आमचे कमांडिंग ऑफिसर एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ते माझ्यासोबत थप्पी मोजायला उभे राहिले, उणे तापमानात, हातमोजे काढून. त्यानंतर लेजरवरून आकडा मी कधीही दिला नाही.

कूतमध्ये हळूहळू माणसं खंगत गेली, आणि तीही दोन तऱ्हांनी. सुरुवातीला गोऱ्या शिपायांना पांढऱ्या पिठाचा पाव मिळायचा, त्यांना बेरीबेरी झाला. पांढरं पीठ संपून जव आणि आटा खायला लागल्यावर तो आजार ओसरला. हिंदी जवानांना आटा होता म्हणून बेरीबेरी नव्हता, पण भाजी नाही आणि मांस नाही म्हणून त्यांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजून दात हलायला लागायचे. घोड्याचं मांस खायला बहुतेकांनी नकार दिला. टाउनशेंडने हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी बरेच जण ऐकेनात. गावी परत गेल्यावर जातवाले काय म्हणतील, पोरीबाळींची लग्नं कशी होतील, ही भीती उपासमारीपेक्षा मोठी होती. इंग्रज लेखकांनी याला हट्ट म्हटलं आहे. मला तो हट्ट वाटत नाही. ज्या सरकारने या माणसाला परदेशी पाठवताना त्याच्या ताटाचा विचार केला नाही, त्याने वेढ्यात त्याच्या ताटाला नावं ठेवू नयेत.

एप्रिलमध्ये विमानांतून पोती टाकायचा प्रयत्न झाला. विमानातून वेढलेल्या फौजेला अन्न पुरवायचा जगातला हा पहिलाच प्रसंग मानतात. धान्य दळायला जात्याचा दगडसुद्धा आकाशातून टाकला. काही पोती नदीत गेली, काही तुर्कांच्या हातात, आणि पोचलं ते गरजेच्या मानाने अगदीच थोडं. २४ एप्रिलच्या रात्री जुलनार नावाची बोट २७० टन माल भरून, बाजूंना लोखंडी पत्रे ठोकून तुर्की तोफांतून निघाली. कूत काही किलोमीटरवर राहिलं असताना ती नदीत आडव्या बांधलेल्या तारदोरात अडकली आणि पकडली गेली. तेवढ्या मालावर आणखी तीन-एक आठवडे निघाले असते. त्यानंतर तुर्की सेनापती खलील पाशाला वेढ्यातल्यांना सोडण्यासाठी दहा लाख पौंड, मग वीस लाख पौंड देऊ केले. त्याने नकार दिला. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार लोक शरण गेले. त्यांत तीन हजारांहून जास्त बिगरलढाऊ होते: भिश्ती, खेचरवाले, स्वयंपाकी. त्यांची आठवण सहसा कुणी काढत नाही.

टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावरच्या घरात उरलेलं युद्ध आरामात राहिला. त्याचे जवान उन्हातून बगदादकडे आणि पुढे वाळवंटातून पायी हाकले गेले. पुष्कळसे सिरियातल्या रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून जास्त परत आले नाहीत, हिंदी शिपाईही हजारोंनी गेले. तो नालायक होता का, असं तुम्ही विचारलंत. लढाई चालवण्यात नव्हता. पण आपल्या माणसांसोबत चालत जाण्याची मागणीसुद्धा त्याने नेटाने लावून धरली नाही, आणि हे मी त्याला माफ करू शकत नाही.

आता सिमल्याकडे वळू. व्हाइसरॉय कर्झन आणि सरसेनापती किचनर यांच्या १९०५ च्या भांडणाबद्दल तुम्ही वाचलं असेल. किचनर जिंकला आणि पुढच्या काही वर्षांत सरसेनापती हाच लष्करी खात्याचाही प्रमुख झाला. आधी एक जण मागणी करायचा आणि दुसरा ती तपासायचा, तो दुसराच उरला नाही. १९१४ मध्ये या जागी जनरल बीचम डफ होता. दोन माणसांचं काम एकाच्या टेबलावर, आणि तो सिमला सोडून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, एकदाही गेला नाही. व्हाइसरॉय, सरसेनापती, अर्थसदस्य यांच्यापैकी कुणालाही निवडून दिलेल्या सभागृहासमोर उभं राहावं लागत नव्हतं. 'समाधानकारक' अशी तार आली की विषय संपत होता.

लंडनने फेब्रुवारी १९१६ मध्ये मोहीम आपल्या हातात घेतली आणि ऑगस्टमध्ये चौकशी आयोग नेमला. तोवर नवा सेनापती जनरल मॉड आला होता. त्याने आधी बसऱ्याला धक्के बांधून घेतले, रेल्वे टाकली, बोटी जमवल्या आणि मगच पाय उचलला. ११ मार्च १९१७ ला तो बगदादमध्ये होता. तीच नदी, तोच शत्रू.

आयोगाचा अहवाल जून १९१७ अखेर बाहेर आला आणि कार्टरची साक्ष विलायतेत घरोघर वाचली गेली. १२ जुलैला पार्लमेंटात एडविन मॉन्टेग्यू बोलले. भारत सरकारची यंत्रणा आजच्या काळाला न शोभेल इतकी लाकडी, ताठर आणि जुनाट झाली आहे, असा त्यांचा सूर होता. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेननी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला आणि त्या जागी मॉन्टेग्यूच आले. २० ऑगस्टला त्यांनी जाहीर केलं की हिंदुस्थानात टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती आणणं हे ब्रिटिश धोरण आहे. १९१९ च्या सुधारणा यातून निघाल्या.

म्हणून कूतने स्वराज्य आणलं म्हणायचं का? नाही, तसं म्हणणं चुकीचं होईल. घोषणेचा मसुदा चेंबरलेनच्या काळातच फिरत होता. त्यामागे काँग्रेस आणि मुस्लिम लीगचा लखनौ करार होता, ॲनी बेझंटबाईंच्या अटकेवरून उठलेला गदारोळ होता, आणि आपले टिळक होते. मंडालेहून १९१४ च्या जूनमध्ये पुण्याला परतल्यावर त्यांनी बेळगावला होमरूल लीग काढली, ती तारीख २८ एप्रिल १९१६. दुसऱ्याच दिवशी बेळगाव ब्रिगेड कूतमध्ये शस्त्रं खाली ठेवत होती. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण मी या दोन तारखा फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. टिळक सांगत होते की हे सरकार लोकांना जबाबदार नाही. कूतने तेच इंग्रज मतदारालाही दाखवलं, त्याच्याच पोरांच्या मरणातून. मागणी टिळकांची आणि काँग्रेस-लीगची होती. कूतने विरोध करणाऱ्यांचं तोंड बंद केलं आणि खुर्चीवर ऐकून घेणारा माणूस आणला.

सैन्याच्या बाबतीतही तसंच झालं. कूतमध्ये लढलेला मराठा सुभेदार कितीही जुना आणि शहाणा असला तरी कालच्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखाली असायचा. ऑगस्ट १९१७ मध्ये किंग्ज कमिशनची, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीच्या अधिकारीपदाची, बंदी उठली, तेव्हा ते फक्त नऊ हिंदी माणसांना मिळालं. टिळकांचा भरतीला विरोध नव्हता. त्यांचा आग्रह होता की आमचा तरुण अधिकारीही झाला पाहिजे. सरकारने तसं वचन दिलं तर मी महाराष्ट्रातून पाच हजार जवान देतो, कमी पडलो तर दंड म्हणून हे ठेवा, असं म्हणून त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजारांचा चेक पाठवला होता. गांधीजींनी तो परत केला. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळक स्वराज्याचा विषय काढू लागले तेव्हा गव्हर्नर विलिंग्डननी त्यांना थांबवलं आणि ते सभा सोडून निघून गेले. खडकवासल्याला एनडीएच्या संचलनाला मी जातो तेव्हा मला ती सभा आठवते.

राहिले तुमचे पणजोबा. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर त्यांचं नाव शोधू नका. तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचे पलटणवार फक्त आकडे. घरात पदक आहे का बघा, मोडलं नसेल तर. चांदीच्या गोल पदकाच्या कडेवर भिंग धरा. नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उमटवलेली असते. पदक चांदीचं नसून काशाचं असेल तर ते बहुधा बिगरलढाऊ होते, खेचरवाले किंवा भिश्ती. १०३, ११० किंवा ११७ यांपैकी आकडा निघाला तर ते कूतच्या वेढ्यात असण्याची शक्यता दाट आहे. इतर मराठा पलटणीही पुढे मेसोपोटेमियात लढल्या, त्यामुळे दुसरा आकडा निघाला म्हणून घरची आठवण खोटी ठरत नाही. नंबर मिळाला की बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा, नंबर आणि गाव दोन्ही द्या. आणि नंबर वाचता आला नाही तर पदक चिंचेने घासू नका, अक्षरं झिजतात. मऊ कापडाने पुसा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात धरा.